तणाचा वैरी

धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, दिसली की कडेच्या धुऱ्याला गाडी लावायची, गवताची एक काडी उपटायची, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी ती दोन बोटांत धरायची आणि शेतकऱ्याला विचारायचं, "कायले वाकता?" त्याच्या धंद्याची सुरुवात अशी व्हायची. पुढचं वाक्यही ठरलेलं. "तन मरन, धान तरन! साइन्स आहे, काकाजी, साइन्स!"

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा आमच्या तिरोडा भागातला नमुना. मी तेव्हा तिरोड्याच्या एका कृषी केंद्रात काउंटरवर होतो. हा आमच्याच बाकावर बसून, आमचाच चहा पिऊन, आमचीच गिऱ्हाइकं फोडायचा. कपड्याला सुरकुती नाही, अंगाला घाम नाही आणि जिभेला हाड नाही. शाळेत तो माझ्या दोन वर्ग पुढे होता. नववीत मी त्याला गाठलं आणि दहावीत मागे टाकलं. त्याला विज्ञानाचा पुळका आला तो त्यानंतर.

त्याचा माल म्हणजे पांढऱ्या पिशव्या. वर ना नाव, ना शिक्का, आत धानाचं बियाणं. हे म्हणे बदललेलं बियाणं. यातून आलेल्या धानावर सगळं हिरवं जाळणारं तणनाशक मारलं तरी गवत तेवढं मरेल, धानाला काही होणार नाही. तशी पिकं जगात आहेत, ते काही खोटं नाही. कापसाच्या मुलखात तसलं बियाणं चोरून विकतात, हे आमच्याही कानावर यायचं. पण धानात आमच्याकडे तसं काही आलेलंच नव्हतं. याच्या पिशवीत बाजारातलंच साधं धान होतं.

तरी लोक भुलले. तिरोड्याला वीजकेंद्र उभं राहिलं, बायामाणसं तिकडे कामाला लागली आणि गवत निंदायला हात मिळेनासे झाले. धानाच्या वर गवत डोलायला लागलं. त्यात यानं कामठ्याकडे रस्त्याच्या कडेला सगळ्यांसमोर फवारणी करून दाखवली. गवत पिवळं पडलं, धान हिरवंच राहिलं. पठ्ठ्यानं बाटलीवरचा कागद खरवडून टाकला होता. आत होतं ते धानात नेहमी मारतात तेच औषध, जे धानाला काही करत नाही. बाटली आमच्याच दुकानातून गेलेली. मी तसं त्याला तोंडावर म्हटलं, तर म्हणाला, "काऊन गा, तुले साइन्स समजते का?"

त्याची एक गोष्ट मात्र खरी होती. गवताचा त्याला मनापासून राग होता. त्याची आई जन्मभर लोकांच्या बांध्या निंदत आली. कंबर अशी वाकली होती की बाई रस्त्यानं चालताना समोरच्याचे पाय पाहूनच माणूस ओळखायची. लोकांना "कायले वाकता" विचारत हा गावोगाव फिरायचा तेव्हाही ती कुणाच्या तरी बांधीत वाकलेलीच असायची. तिला उभं करायचं याला कधी सुचलं नाही.

माझ्या काकीनंही त्याची पिशवी घेतली. काकी एकटी, बांधी एकच, आणि त्या बांधीतलं धान म्हणजे तिचा वर्षभराचा भात. मी म्हटलं, "काकी, घेऊ नको, तो लबाड आहे." ती म्हणाली, "बाया भेटत नाही. तू येतो का निंदायले?" 

गवत माजलं तेव्हा हा स्वतः पंप घेऊन आला. या वेळी बाटली खरीच सगळं जाळणारी होती. म्हणजे आपल्या थापेवर त्याचा स्वतःचाही विश्वास बसला होता. गाढवपणाची ती वरची पायरी. काकी म्हणाली, "पहिले एक कोपरा मारून पाह्य ना गा."

"कोपरा कायले? भरोसा नाही का, काकी?"

पांढरे बूट चिखलात भरतील म्हणून साहेब बांधीत उतरलेच नाहीत. धुऱ्यावरून गोल फिरत, हात पोचेल तिथवर फवारत राहिले. पंधरवड्यात बांधी तणसाच्या पेंढीसारखी वाळली. मधे अंगणाएवढा तुकडा तेवढा हिरवा राहिला. तो यानं कष्ट टाळल्यामुळे वाचला.

बोलावल्यावर आला आणि म्हणाला, "पानीच खराब आहे तुमचं." मग म्हणाला, "मारनाऱ्याचा हात चुकला असन." मारणारा आपणच होतो, हे तो विसरला. मग मोबाइल काढून त्यानं बांधीचा फोटो घेतला. "कंपनीले दाखवतो, भरपाई भेटन." कंपनी कुठली, हे काकीनं विचारलं नाही. तिनं हिरव्या तुकड्यातलं गवत हातानं काढलं, अगदी मुळासकट, आणि उरलेला हंगाम ती दुसऱ्यांच्या बांध्या निंदायला गेली. त्या वर्षी तिच्या घरी विकतचा तांदूळ शिजला. मला अजून त्याची चीड येते.

पुढच्या उन्हाळ्यात मी सौंदडच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत होतो. चहावाल्याजवळ चार-पाच शेतकऱ्यांत हा उभा. मोबाइल हातोहात फिरत होता. मीही डोकावलो. काकीची बांधी! भोवती जळकं, मधे हिरवं आणि कडेला डोक्याला हात लावून काकी.

"भवताल साधं धान होतं, जळून गेलं," तो सांगत होता. "मधात आपलं. साइन्स!"

"आन हे बाई कोन?" एकानं विचारलं.

"मालकीन. खुशीनं पागल होऊन राहिली."

माझं डोकं सणकलं. मी ओरडलोच, "ते माझी काकी आहे! यानंच तिचं धान मारलं. ते रडून राहिली तेथी!"

 यानं पापणीही हलवली नाही. "बरोबर बोलून राहिला भाऊ. तो माल जुना होता. म्हनून तं यंदा नवा आनला."

गाडी आली. मोबाइल खिशात घालून तो चढला. मघाच्याच शेतकऱ्यांतल्या दोघांनी त्याच्या पांढऱ्या पिशव्या उचलून डब्यात चढवून दिल्या.

तो मला पुन्हा दिसला नाही. काकी आता नाही. ओळखपत्रावरचा सोडला तर तिचा आयुष्यात तो एकच फोटो निघाला, आणि तो त्याच्याकडे राहिला.