पराभव सर

आमच्या घरात हरण्याचं कारण कधी कोणी विचारलं नाही. शेंदूरजनाघाटला माझी माय संत्र्याच्या मंडीत फळं निवडायची आणि बाबा पेट्यांना खिळे ठोकून त्या ट्रकात चढवायचे. बहार चांगला आला तर चूल बरी पेटायची. झाडाला फळगळ लागली की दोघंही घरी. बाबा खाटेवर पडून आढ्याकडं पाहत म्हणायचे, "नशीब." माय चुलीपासून म्हणायची, "नशीबच." आमच्या घराची मागची भिंत दर पावसाळ्यात पडायची आणि दर दिवाळीला त्याच जागी, त्याच मातीची पुन्हा उभी राहायची. दरवेळी तीच भिंत का पडते, हा प्रश्न मला कॉलेजात जाईपर्यंत सुचला नव्हता.

तो प्रश्न ज्यांनी माझ्या डोक्यात घातला, त्यांना अमरावतीचं आमचं अख्खं कॉलेज पराभव सर म्हणायचं. ते संरक्षणशास्त्र शिकवायचे, म्हणजे जुन्या लढायांमधून आजच्या देशानं काय शिकावं ते. आणि जिंकलेली लढाई शिकवायला ते चक्क नकार द्यायचे. "जिकलेला माणूस खोटं बोलते," ते म्हणायचे. "त्याले वाटते, आपुन हुशार होतो म्हणून जिकलो. हरेल माणसाले विचारा. त्याले भोकं दिसते." अभ्यासक्रमात विजय आला की तो तुम्ही घरी वाचा, परीक्षेला येईल. वर्गात फक्त पराभव. आणि प्रत्येक पराभवाचं कारण विचारणारा एकच प्रश्न : "हरलो कावून?"

अशा माणसाचा विभाग बंद पडला, आणि तोही त्यांनी आम्हाला जन्मभर जी टाळायला शिकवलं त्याच चुकीनं बंद पडला, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडं हा विषय लोक एकाच गैरसमजातून घेतात : पोलीस भरतीला उपयोगी पडतो. मीही तेवढ्यासाठीच घेतला होता. पहिल्या तासाला सरांनी विचारलं, "भरतीसाठी कोण कोण आलं?" सगळ्यांचे हात वर. सरांनी खिडकीकडं बोट केलं. "धावाचं असन तं मैदान तिकडं हाये. इथं धावाले शिकवत नाही बाप्पा. कुठं थांबाव, थे शिकवतो." अर्धा वर्ग हसला. पुढच्या आठवड्यात तो अर्धा वर्ग मैदानातच होता.

सर राहायचे अकोल्याला. रोज रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंत यायचे, तिथून ऑटोनं कॉलेजात. असं अपडाऊन त्यांनी नोकरीभर केलं. गाडी लेट झाली की दुसरा एखादा प्राध्यापक चिडून येतो. सर त्या दिवशी खुशीत यायचे, कारण त्यांना उदाहरण मिळालेलं असायचं. "पाहा. अकोल्याहून एक मास्तर बडनेऱ्याले टायमावर पोचत नाही. अन् तुमी इथं बसून रातोरात सीमेवर रणगाडे पोचवून राहिले." आमच्या वर्गात बडनेऱ्याचा रोशन होता, रेल्वेतल्या गँगमनचा मुलगा. तो म्हणाला, "सर, आता ड्रोनचा जमाना हाये. रणगाडे गेले."

"बरं. ड्रोन चार्जिंग कुठं करते?"

"कुठंबी करन सर."

"लोड शेडिंग असन तं?"

रोशननं खिशातल्या मोबाइलची बॅटरी पाहिली. सर म्हणाले, "हत्यार बदलते रे. पोट नाही बदलत. बैलाचं पोट होतं तवा वैरण लागे, आता लाइन लागते. शत्रूचं हत्यार मोजू नको, त्याचं पोट कुठं हाये थे पाह्य."

सरांचं गाव अडगावच्या शिवाराला लागून. त्या मैदानात मराठी फौज इंग्रजांशी लढून हरली, उरलेली गाविलगडात शिरली आणि थोड्याच दिवसांत गडही गेला. आपल्याच जिल्ह्यांतला हा पराभव आपल्याला धड माहीत नाही, याचा सरांना फार संताप. विभागात एक मोठी पितळी परात होती. तिच्यात ते काळी माती भिजवून अख्खा गाविलगड उभा करायचे. दक्षिणेला उभा कडा आणि खाली अचलपूरचं मैदान, उत्तरेला गडाला जोडलेली सपाटी आणि तिच्या मागं मेळघाटाचे डोंगर. तोफा म्हणजे चिंचोके. एकानं गड राखायचा, एकानं घ्यायचा. नियम एकच : आपली चाल करण्याआधी समोरच्याच्या जागी बसून त्याच्या तोंडून बोलायचं.

रोशनला इंग्रज व्हायला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, मले इंग्रज नाही व्हायचं. घरी कळलं तं बाप मारन."

"नको होऊ. त्याच्या खुर्चीत बस फक्त. खुर्चीले जात नसते."

मी किल्लेदार. नियम विसरून मी जवळजवळ सगळे चिंचोके दक्षिणेकडं लावले, कारण शत्रू मैदानातूनच येणार. रोशननं कपाळाला आठ्या घालत आपल्या तोफा परातीच्या कडेकडेनं डोंगरांतून ओढत नेल्या आणि उत्तरेकडून माझ्या भिंतीत बोट घातलं. माती ढासळली. वर्ग ओरडला. मी चिडून म्हटलं, "सर, एवढ्या डोंगरातून तोफा कोण आणते? मी असती तं आली नसती!"

सर टाळी वाजवून उठले. "बस! हेच. आपुन जिकडून आलो नसतो, तिकडून थो आला. रस्ता नव्हता, तं त्यानं रस्ता केला. किल्लेदारानं भिंत स्वतःच्या डोक्यापुरती बांधली होती, शत्रूच्या नाही." त्या दिवसापासून त्यांच्यासाठी माझं नाव किल्लेदार झालं. "काय किल्लेदार, झोपल्या काय?"

त्या पावसाळ्यात आमची भिंत पडली तेव्हा मी गावी होते. बाबा म्हणाले, "नशीब." मी पहिल्यांदा घराच्या मागं गेले. शेजारच्या टिनाच्या छपराची सगळी धार आमच्या भिंतीच्या बुडाशी पडत होती. शेजाऱ्याशी बोलून बाबांनी आणि मी तिथं नाली खोदली. बाबा फावडं धुताना म्हणाले, "हे कोणी शिकवलं तुले?" मी म्हटलं, "गाविलगडानं." त्यांना वाटलं, कॉलेजात पोरगी बिघडली.

सर आम्हाला गडावर घेऊन जायचे ते नेहमी उत्तरेच्या बाजूनं, हल्ला करणाऱ्याच्या डोळ्यांनी गड पाहायला. एकदा पडक्या भिंतीजवळ एक सहलीला आलेलं कुटुंब उभं होतं. वडील मुलाला सांगत होते, "फितुरी झाली बेटा. नाहीतर हा गड पडलाच नसता." सर आमच्याशी बोलत होते, ते थांबले. त्यांचा चेहरा तांबडा झाला. त्या माणसाजवळ जाऊन म्हणाले, "भाऊ, फितूर कोण होता?" तो गोंधळला. "कोणीतरी असंलच की." सर म्हणाले, "हेच तं! हरलं का आपुन पयले फितूर शोधतो. सापडला का आपलं काम झालं. मंग भिंतीकडं कोण पाहीन?" तो माणूस कुटुंबाला घेऊन निघून गेला. आम्हाला ओशाळल्यासारखं झालं. सर उतरताना बराच वेळ स्वतःशीच पुटपुटत होते. "फितूर म्हणे. फितूर."

हेच त्यांचं स्टाफरूममध्ये व्हायचं. सीमेवर तणाव वाढला की तिथं मोबाइलवर व्हिडिओ फिरायचे आणि चहासोबत युद्ध जिंकलं जायचं. सर विचारायचे, "बरं, जिकलो. मंग दुसऱ्या दिवशी सकाळी काय? लढाई कुठं थांबवाची, थे ठरवलं का कोणी?" एकदा एक सहकारी वैतागून म्हणाले, "सर, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात?" सर शांतपणे म्हणाले, "ज्याच्या बाजूनं हावो, त्यालेच विचारून राहिलो नं. दुसऱ्याले कायले विचारू?" त्यानंतर त्यांच्या टेबलाशी चहाला फारसं कोणी बसेना.

मी एम.ए. झाले, सेट परीक्षा पास झाले. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, हे मी जिथं तिथं सांगते आणि सांगणार. मग त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तेव्हा विभागाला वाळवी लागलेली मला दिसली. दरवर्षी मुलं कमी होत होती. प्राचार्य म्हणाले, वर्ग भरला नाही तर विषय बंद करावा लागेल.

सरांनी मोर्चेबांधणी केली, आणि ती पाहून मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. या विषयाचं राष्ट्रीय महत्त्व सांगणारं जाडजूड निवेदन. प्राचार्यांशी वाद, संस्थेच्या बैठकीत वाद, विद्यापीठात खेटे. सगळे चिंचोके एका बाजूला. आणि विषय मरत होता तो जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर. बारावी झालेली मुलं तिथं यायची. भरतीच्या खासगी अकादमीवाल्यांनी त्यांना आधीच सांगितलेलं असायचं की या विषयाचा काही फायदा नाही. टेबलावर बसलेला आमचाच माणूस म्हणायचा, "थो विषय बंद होऊन राहिला, दुसरा घे." आमच्या बाजूनं बोलायला तिथं कोणीच नसायचं.

मी सरांना म्हटलं, "सर, प्राचार्यांना सोडा. जूनभर आपण दोघं त्या टेबलावर बसू. परात घेऊन बसू."

"म्या दुकान लावू? प्रोफेसरनं गिऱ्हाईक बोलवाचं?"

"सर, अकादमीवाला बोलावतो."

"थो अकादमीवाला हाये. म्या नाही."

"म्हणजे तुम्ही असता तर तिकडून आला नसता, असंच ना?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, लागलं. पण ते टेबलावरचं निवेदन सारखं करत म्हणाले, "किल्लेदार, निवेदनात एक परिच्छेद वाढवा लागते."

जून गेला. वर्ग भरला नाही. सर निवृत्त झाले त्याच वर्षी विषय बंद झाला.

निरोपाच्या समारंभात शाल, श्रीफळ, भाषणं. प्राचार्य म्हणाले, सरांची कारकीर्द यशस्वी ठरली. सर उत्तराला उठले. आभाराचं एक वाक्यही बोलले नाहीत. म्हणाले, "आज शेवटचा तास घेतो. विषय : आपला विभाग हरला कावून?" सभागृहात खुर्च्या करकरल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "घ्या, सुरू झाले." समोर बसलेल्यांना वाटलं, आता प्राचार्यांचं नाव येणार, अकादमीवाल्यांचं येणार. सरांनी एकाचंही नाव घेतलं नाही. म्हणाले, "फितूर कोणी नव्हता. भिंत म्या बांधली होती. जिकडं मले मान भेटन, तिकडं बांधली. पोट्टे दुसऱ्या दारानं निघून गेले. मले एका किल्लेदारानं सांगतलं होतं. म्या आयकलं नाही." एवढं बोलून ते खाली बसले. टाळ्या कधी वाजवायच्या हे कोणाला कळेना. शेवटी प्राचार्यांनीच वाजवल्या.

लोक म्हणतात, केवढा मोठेपणा. मला त्या क्षणी नुसता संताप आला होता. हेच शब्द त्या जूनच्या आधी उच्चारले असते तर! पराभवाचा अभ्यास हरून झाल्यावरच करायचा, असं या माणसानं आम्हाला कधी शिकवलं होतं? बाहेर पडताना मी त्यांना तसं म्हटलंही. ते श्रीफळ एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "बरोबर हाये तुमचं. दुसऱ्याच्या खुर्चीत बसणं सोपं असते. आपल्या खुर्चीतून उठणं कठीण." मग ऑटोत बसण्याआधी म्हणाले, "परात घेऊन जा. इथं उगाच तिच्यात कोणी पोहे भिजवन."

मला पुढं अकोल्याच्या एका कॉलेजात तास मिळाले. तिथंही हा विषय बंद होण्याच्याच वाटेवर होता. पहिल्याच जूनमध्ये मी प्रवेशाच्या टेबलाशेजारी परात मांडून बसले. एक पोट्टा म्हणाला, "मॅडम, कणीक भिजवून राहिल्या काय?" मी त्याच्या हातात चिंचोके दिले. "गड हाये. घेऊन दाखव." तो खाली बसला. त्याचे मित्र बसले. एकीची आई पिशवी बाजूला ठेवून म्हणाली, "मागून जा नं बाई, मागून." वर्ग भरला.

त्या संध्याकाळी मी सरांच्या घरी पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा खाल्ला, हात पुसला. मला वाटलं, आज तरी शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "छान. आता सांगा किल्लेदार, पुढच्या वर्षी कुठून हरसान?"

मी वैतागून म्हटलं, "सर, एक दिवस तरी जिंकू द्या."

"जिकल्या नं. म्हणूनच विचारून राहिलो."

त्या हिवाळ्यात सर गेले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यानंतर सापडलं : आता इथला अकादमीवालाही स्वतःच्या दारात परात मांडेल. जूनमध्ये त्यानं खरंच मांडली, प्लास्टिकची. मी तोवर मुलांच्या गावांत, बारावीच्या वर्गांत जाऊन आले होते. हे सांगायला मात्र सर नव्हते, आणि याचाही मला रागच आहे.

आमचा वर्ग यंदाही भरला. संरक्षणशास्त्र अकोल्यात शिकवलं जातं, आणि ते मी शिकवते.