मधेच तुटलेला डाव

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आंध्रातल्या मंचेरियलला कोळसा खाणीच्या कॉलनीत आम्ही तिघं राहत होतो: मी, माझे यजमान आणि विदर्भातल्या बेल्याहून आमच्याकडे आलेल्या सासूबाई. हे खाणीत सर्व्हेअर होते, मी कॉलेजात गणित शिकवत होते. त्या पावसाळ्याच्या शेवटी खाणीत छत कोसळलं आणि ह्यांचा सोबती गेला. खाली दोघं मिळून मोजमापं घ्यायचे, आणि वर क्लबात ब्रिजच्या टेबलावर समोरासमोर भिडू म्हणून बसायचे. ह्यांना साधं खरचटलंसुद्धा नाही.

त्यानंतर ह्यांनी रजा टाकली ती टाकलीच. क्लब बंद, बोलणं बंद. सासूबाई विचारायच्या, "काऊन असा भिंतीकडं पाहून राह्यला बापा?" हे उठून दुसऱ्या खोलीत जायचे. त्या सोबत्याचं क्वार्टर आमच्या मागच्याच ओळीत होतं. त्याच्या बायकोला भेटायला मी एकटीच गेले. हे तर बाजाराला जायचे तेही लांबच्या रस्त्यानं.

एका रविवारी ह्यांच्या ऑफिसातला एक जण भेटायला आला. इंटरनेटवर चार देशांतली चार माणसं ब्रिज खेळतात, असं तो सांगत होता, आणि त्या खेळाची फ्लॉपीच त्यानं सोबत आणली होती. तो गेल्यावर हे म्हणाले, "आपल्या कॉम्प्युटरवर होईल का हे?" कित्येक आठवड्यांत ह्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट.

आमचा कॉम्प्युटर माझ्या पुण्याच्या भावानं दिलेला. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. भावाचा त्यावर भारी जीव. आणि खेळ नेमका विंडोजचा. गावातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, सब उडाके विंडोज डालना पडेगा." त्यात माझं कॉलेजचं सगळं काम होतं. मी भावाला फोन लावला.

"वाइन नावाचा एक प्रोग्रॅम आहे," तो म्हणाला. "विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतो. पण ताई, तो अजून कच्चाय. चालेलच असं नाही."

"पाठव," मी म्हटलं.

सासूबाईंनी तेवढाच शब्द ऐकला. "वाइन? आता घरात दारू मागवून राह्यली का तू?" त्यांना समजावता समजावता मला हसू आलं. हे हसले नाहीत.

भावानं सीडी पाठवली. कॉलेजातून आले की मी त्या खटाटोपाला बसायची. हे शेजारी खुर्ची ओढून घ्यायचे, विचारायचे काही नाहीत, फक्त पडद्याकडे बघायचे. आधी अमुक फाईल सापडत नाही असं यायचं. ती क्लासवाल्याच्या मशीनवरून फ्लॉपीत भरून आणली, तर वाइन दुसरीच मागायला लागला. मग पडद्यावर खेळाची खिडकी उघडली ती नुसती काळी. काळी खिडकी दिसली तशी ह्यांनी मान फिरवली. मी घाईघाईनं ती बंद केली. भावाला पुन्हा फोन, पुन्हा एक ओळ बदल, पुन्हा बघ. मला वाटायचं, हे नाही झालं तर हा माणूस परत काही मागणार नाही.

शेवटी एका दुपारी टेबल उगवलं. हिरवं, चार बाजूंना चार नावं, खाली ह्यांचे पत्ते. फक्त इस्पिक, बदाम, किलवर, चौकट सगळ्यांच्या जागी एकसारखे रिकामे चौकोन.

"रंगच कळत नाहीत हो," मी रडकुंडीला आले.

"राहू दे. मांडलेत त्या क्रमानं कळतात," हे म्हणाले, आणि माऊस हातात घेतला. समोरचा भिडू कुठल्या तरी परक्या देशातला. ह्यांनी बोली लावली, त्यानं उत्तर दिलं. हे पुढे सरकून बसले. पानामागून पान पडत होतं, आणि पूर्वी क्लबात करायचे तसा ह्यांचा डावा पाय हलत होता.

आणि लाईन तुटली.

डाव अर्धा होता. मी मॉडेमवरून परत डायल करायला लागले, लागेना. ह्यांनी माऊस सोडला नव्हता. "लवकर लाव. तो तिकडे बसलाय. त्याला वाटेल मी उठून गेलो."

"अहो, लाईन गेली हे कळतं त्या लोकांना."

"त्याला नाही कळणार!" ते ओरडले. "मी आलोच म्हटलं होतं त्याला. वर माझ्यासाठी फोन आलाय असा खाली निरोप आला, मी म्हटलं, तू आकडे घे, मी आलोच. आणि छत कोसळलं तेव्हा मी वर होतो."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी मॉडेमचं बटण सोडून ह्यांचा हात धरला. फोनचं कारण तरी काय होतं, मी नंतर विचारलं. कुठला तरी नकाशा सापडत नव्हता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे मागच्या ओळीत, सोबत्याच्या बायकोकडे गेले. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. लवकरच परत आले. "सगळं सांगितलं," म्हणाले. "त्या दारातच उभ्या होत्या. शेवटी एवढंच विचारलं, की घाबरला होता का तो. मी म्हटलं, मी निघालो तेव्हा हसत होता."

"मग?"

"मग दार लावून घेतलं."

महिन्याभरात त्या आपल्या मुलीला घेऊन माहेरी करीमनगरकडे निघून गेल्या. सामान चढवायला हे सकाळीच गेले होते. त्यांनी ह्यांना नको म्हटलं नाही, आणि बोलल्याही नाहीत. हे दोरी आवळत राहिले. ट्रक वळणापार गेल्यावर घरी आले, आंघोळ केली, आणि सासूबाईंपाशी बसून पोटभर जेवले. पुढच्या सोमवारी कामावर हजर झाले, खाणीत नाही, वरच्या नकाशांच्या खोलीत. खाली ते परत कधीच उतरले नाहीत.