दोऱ्याचं वजन

जानेवारीतली थंडी कसबा पेठेतून लवकर निघत नाही. गल्लीत ऊन उतरायला नऊ वाजतात आणि तोवर वासंती पटवेकरांचं मेण दगड झालेलं असतं. दुकान उघडलं की त्या मेणाची गोळी गरम चहाच्या कपाला टेकवून ठेवतात. चहा संपेस्तोवर ती मऊ होते. मग रेशमाचा पेड पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, मेणातून दोनदा ओढायचा आणि लोकांचे तुटलेले दागिने गाठवायला बसायचं. मंगळसूत्रं, बोरमाळा, मोत्यांचे सर. सासऱ्यांनी शिकवलेलं हे काम त्या अडतीस वर्षं करताहेत.

दोऱ्यांबद्दल त्या भावकीबद्दल बोलावं तशा बोलतात. रेशीम लाडावलेलं. सूत गरीब बिचारं. नायलॉन मेलं उपकार न मानणारं, कितीही आवळा, रात्रीत गाठ सैल करणार. आणि तंगूस, तो काचेसारखा आरपार दिसणारा गळाचा दोरा, म्हणजे परदेशात शिकून आलेला पुतण्या. दिसतो स्वच्छ, पण एकदा वळण लागलं की सरळ व्हायचं नाव नाही.

त्या सकाळी दशरथ रोकडे पायरीशी येऊन उभे राहिले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस. नोकरी तिथे झाली, पण बोलणं खेडकडचंच राहिलं. त्यांच्या बायकोची, कांताबाईंची, बोरमाळ वासंतीबाईंनी तीनदा गाठवली होती.

"ताई, जरा काम हाय."

"बसा. बोलू नका. सदतीस झालेत."

दशरथराव बसले. एक्क्याऐंशी मणी होईपर्यंत गप्प बसले. मग त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत मुठीत मावेल एवढं मासेमारीचं रीळ आणि दोऱ्याची तीन नवी बंडलं.

"काय हे? खेळणं?"

"आम्रपालीनं घेतलंय. आमच्या पोरीनं."

गेल्या दिवाळीत दशरथरावांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्याआधी दर रविवारी मुळा नदीवर गळ टाकून बसायचे, हातात पुरुषभर उंचीची जड काठी. आता ती उचलवत नव्हती. लेकीने शोधून शोधून ही हलकी जोडी आणली. शेवग्याच्या शेंगेएवढ्या वजनाची काठी, आणि गळाला तीन ग्रॅमचा खोटा मासा. खांदा हलवायचाच नाही, नुसतं मनगट.

"पन दोरा कंचा लावायचा? दुकानदार एक सांगतो, मोबाईलवरचा दुसरं, पुतण्या तिसरं. म्हनलं, पुण्यात दोरा कुनाला कळतो?"

"म्हणजे सगळे दमले, मग मी."

"तसंच समजा."

वासंतीबाईंनी तिन्ही दोरे आधी नखातून ओढले, मग खालच्या ओठावरून. ओठाला जे कळतं ते बोटाला कळत नाही, हे त्यांचं मत. पहिलं तंगूस, जाड आणि वळणाचं. "हे या चिमण्या रिळावर बसणार नाही. स्प्रिंगसारखं उसळेल." दुसरा विणलेला, पण चपटा. "चार पेडी, सैल विणलाय. कपडे वाळत घाला." तिसरा आठ पेडी, केसासारखा आणि गोल. तो त्यांनी ओठावरून पुन्हा एकदा नेला.

"हा. याला आईबापांनी वळण लावलंय."

गाठवणाऱ्याने रीळ अर्धं सोडणं त्यांच्या घरच्या रीतीत बसत नव्हतं. दीडशे मीटर अख्खा दोरा, वर सवयीने मेणातून ओढून, त्यांनी रिळावर काठोकाठ भरून दिला. इतका सुबक की दशरथरावांनी ते रीळ दोनदा उन्हात धरून पाहिलं.

पुढच्या मंगळवारी ते परत आले. यावेळी काठीसकट, पण बसले नाहीत.

"ताई, तुमचा दोरा झ्याक होता. माझाच हात संपला. मासा पायाशी पडतोय. पंचवीस डाव टाकला, पंचवीस डाव पायाशी. अन् रिळावर ह्यो गुंता. सोडवून द्या तेवढा. रविवारी पुतण्या येतोय, समदं त्याला देऊन टाकतो."

"आम्रपालीला सांगितलंत?"

"न्हाई. पोरीनं हौसेनं आनलंय. म्हननार, पुतण्यानं मागितलं."

वासंतीबाई गुंता सोडवायला बसल्या. गुंत्याशी त्यांचं कधी वैर नव्हतं. हात चालू ठेवून त्यांनी विचारलं, "हे रीळ फिरवतं कोण?"

"कोन म्हंजे? मासा उडतो, दोरा वढतो, दोऱ्यानं रीळ फिरतं."

"तीन ग्रॅमचा मासा."

"व्हय."

त्यांचा हात थांबला. दुकानात छोटा काटा होता. दागिना घेताना आणि देताना गिऱ्हाइकासमोर वजन करायची त्यांच्याकडे शिस्त. पण वजन सोन्याचं, मोत्याचं. दोरा त्यात कोण धरतो? अडतीस वर्षांत त्यांनी नुसता दोरा कधी काट्यावर ठेवला नव्हता. आता रिळावरून उतरवून ठेवला. मेणासकट साडेतीन ग्रॅम. शेजारी मासा ठेवला. तीन.

मासा उचलून त्यांनी पुन्हा ठेवला. तीनच.

"दशरथराव, बसा खाली."

"काय झालं?"

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही. त्या एवढ्याशा माशाच्या डोक्यावर मी त्याच्याहून जड बोचकं दिलं, वर मेण लावून चिकटवलं. ते सगळं फिरवत तो जाईल कुठे? पायाशीच पडेल. चूक माझी आहे."

"ऱ्हाऊ द्या हो, मला बरं वाटावं म्हनून..."

"मी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलते का? तीस वर्षं येताय."

हे दशरथरावांना पटलं. ते बसले.

वासंतीबाईंनी सगळा दोरा साबणाच्या कोमट पाण्यात धुतला, फडक्यात पुसला आणि काट्यावर ठेवून त्यातला जेमतेम एक ग्रॅम कापून घेतला. पन्नास मीटर. रिळाच्या गुळगुळीत धातूवर तो घसरू नये म्हणून खाली रेशमाचे चार वेढे दिले. टोकाला काय लावायचं यावर थोडं भांडण झालं. दगडावर घासून हा विणलेला दोरा झिजतो आणि खऱ्या माशाला दिसतोही, असं दशरथरावांचं म्हणणं. तेव्हा त्यांच्याकडूनच हातभर बारीक तंगूस घेऊन वासंतीबाईंनी ते पुढे जोडलं. गाठ थुंकीने ओली केली, आवळली आणि दातांनी शेपट्या तोडल्या. रीळ निम्मंही भरलं नव्हतं. त्यांना ते बघवेना, तोंड फिरवूनच त्यांनी ते पुढे केलं.

"भिकाऱ्यासारखं दिसतंय. पण टाका."

"हितं?"

"मग काय नदी इकडे आणू? गळ काढा आधी."

गळ काढून दशरथराव गल्लीत उभे राहिले. समोर चाळीस पावलांवर बद्रीनाथ इस्त्रीवाल्याची टपरी. खांदा अंगाशी धरून त्यांनी मनगट झटकलं. सूं असा बारीक आवाज झाला, स्कूटरी, सायकल, दुधाचे क्रेट ओलांडून मासा गेला आणि बद्रीनाथच्या घडी केलेल्या शर्टांवर जाऊन पडला.

"अहो!" बद्रीनाथ ओरडला. "शर्ट पाहिजे असेल तर चालत येऊन न्या की!"

हळूहळू रीळ गुंडाळत दशरथरावांनी मासा जमिनीवरून सरपटत परत आणला. अंगठ्याने रीळ दाबून पाहिलं. पुन्हा टाकला. या खेपेला बद्रीनाथ शर्टांवर आडवाच झाला.

मग त्यांनी खिशातून फोन काढून पुतण्याला लावला. "हां, समाधान. रविवारी ये. न्हाई, काय न्यायला नको, ते माझंच ऱ्हाईल. तू नुसता चल संगं. डबा तुझा तू आन." फोन ठेवून ते म्हणाले, "ताई, गावला तर पहिला तुमचा."

"आमच्याकडे मासे खात नाहीत."

"ठावं हाय. म्हनून तर बोललो."

ते हसत मंडईकडे वळले. वासंतीबाईंनी काट्यावर उरलेला दोरा उचलला, गुंडाळून खणात टाकला. ऊन पायरीवर आलं होतं. सकाळी आणलेली मटाराची पिशवी आत तशीच पडली होती. ती घेऊन त्या उन्हात बसल्या आणि शेंगा सोलू लागल्या.