भिमीच्या वतीने

उंबरमाळीजवळच्या वाडीत मंगळूइतका बोलका माणूस दुसरा नव्हता आणि त्याच्या बायकोइतकी, भिमीइतकी, गप्प बाई अख्ख्या शहापूर तालुक्यात नसावी. संसार दोघांनी वाटून घेतला होता. कामं भिमीची, बोलणं मंगळूचं. बाजारात बांगड्या भरताना कासाराने "लागतं का?" असं भिमीला विचारलं, की "नाय लागत" असं मंगळू सांगायचा. बाळंतपणात सुईणीने कळा कुठून येतात विचारलं, तेव्हा याने दाराबाहेरून जागा सांगितली, असं वाडीतल्या बायका म्हणतात. त्यात थोडा मसाला असेल, पण मंगळूने तो कधी नाकारला नाही.

यंदाच्या पावसाळ्यात भिमी गेली. फुप्फुसाचा कर्करोग. आधी क्षयाच्या गोळ्या झाल्या, मग शहरातला मोठा दवाखाना झाला, तोवर हाडांचा सापळा उरला होता.

भातकापणी उरकल्यावर मुरबाडहून रंजना नावाची बाई आली. कर्करोगाच्या रोग्यांची नोंदणी हे तिचं काम. निदान कधी झालं, कोणते उपचार मिळाले, पुढे काय झालं, हे घरोघरी विचारून लिहायचं, म्हणजे कुठे कमी पडलं ते डॉक्टरांना कळतं. मंगळूला ऐकणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. तिने एक विचारावं, याने चार सांगावं. बोलता बोलता तिने विचारलं, भिमीबाई बिडी किती वर्षं ओढत होत्या?

मंगळूला हसूच आलं. "ती? बिडीच्या वासानं डोकं उठायचं तिचं. मला घरात पेटवू देत नव्हती. भर पावसात भायेर काढायची."

रंजना म्हणाली, दवाखान्याच्या नोंदीत तर रोजची बिडी लिहिली आहे.

मंगळूला दवाखान्यातलं डॉक्टरचं टेबल आठवलं. "बिडी ओढता का?" असं डॉक्टरने भिमीकडे बघूनच विचारलं होतं, आणि याने सवयीने आपल्या बिडीचं सांगून टाकलं होतं, "रोजचीच हाय सायेब, लपवायचं काय." डॉक्टर घाईत होता. भिमी खाली बघत बसली होती.

"त्यानं काय फरक पडला?" त्याने विचारलं.

 रंजनाने हळू आवाजात सांगितलं, की बिडी न ओढणाऱ्यांच्या गाठीची तिथे एक वेगळी तपासणी करतात. काहींना एक वेगळी गोळी लागू पडेल, हे त्यावरून कळतं. बिडीवाल्यांची ती सहसा होत नाही. भिमीबाईंना लागू पडली असती का, हे मात्र आता कुणालाच सांगता येणार नाही.

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मंगळूने रंजनाच्या कागदाकडे बोट दाखवलं. 

"खोडा ते," तो म्हणाला. "माझी बिडी तिच्या नावावर नको." रंजनाने दुरुस्ती केली, तेव्हा तो पुटपुटला, "आता काय उपेग म्हना."

अशा नोंदी एकत्र आल्या की चूक कुठे होते ते दवाखान्याला दाखवता येतं, ती म्हणाली.

"मंग आनखी लिवा. बाईला इचारायचं असंल तर नवऱ्याला भायेर बसवा."

रंजनाने तेही लिहिलं.

तेवढ्यात चुलीपाशी चहा उकळणारी सून दिपिका खोकली. रंजनाने वळून विचारलं, कधीपासून आहे गं हा खोकला?

'धुराचा हाय' हे मंगळूच्या ओठांवर आलंच होतं. तो उठला, बाहेर पडला आणि आतलं बोलणं ऐकू येणार नाही इतका लांब, शेताच्या बांधापर्यंत चालत गेला.