काकूंची माहिती

"काका आंघोळ स्वतः करतात?"

"हो, करतात नं."

"मंदिरात एकटे जाऊन येतात?"

"रोज. येताना फुलं आणतात."

फॉर्मवर खुणा करता करता मी थांबले. मागच्या खेपेच्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात हेच लिहिलं होतं, फुलांसकट. त्याच्या मागच्या खेपेलाही तेच. मध्ये सहा-सहा महिने गेलेले, आणि एक शब्द इकडचा तिकडे नाही.

नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं होतं, रस्ते खोदले जात होते. मेंदूचे डॉक्टर मात्र शहरात मोजकेच. त्यातली मी एक. डिमेन्शियावर माझं संशोधन चालू होतं. या आजारात माणसाची आठवण आणि रोजचे व्यवहार हळूहळू सुटत जातात. पेशंटला विचाराल तर तो म्हणतो, मला काही झालेलं नाही. म्हणून घरातल्या एका माणसाला विचारायचं. आम्ही त्याला इन्फॉर्मंट म्हणतो. अर्धा फॉर्म त्याच्या शब्दावर भरला जातो.

देशकरकाका रेल्वेतून रिटायर झालेले. ब्राह्मणपारा मोहल्ल्यात नवरा-बायको दोघंच राहायचे. इन्फॉर्मंट त्यांची पत्नी, सुमतीकाकू. इस्त्रीची साडी, स्वच्छ बोलणं. काका चाचणीत घसरत होते, पण काकूंच्या सांगण्यावरून घरात सगळं करत होते. दोनच महिन्यांपूर्वी माझा पेपर छापून आला होता. घरी नीट सांभाळ झाला तर पेशंट बराच काळ टिकून राहतो, असं मी त्यात मांडलं होतं. सविस्तर उदाहरण काकांचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न कळवता त्यांच्या घरी गेले. शेजारच्या बाई बाहेरच भेटल्या. काका मंदिरात किती वाजता जातात, मी विचारलं.

"मंदिर? बाबूजी तो साल भर से अकेले घर से नहीं निकले, दीदी."

दार काकूंनीच उघडलं. मला ओळखल्यासारखं हसल्या. चहा ठेवते म्हणून आत गेल्या, रिकाम्या हातांनी परत आल्या आणि विचारलं, "चहा घेणार नं?" मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले. गॅसवर एक पातेलं जळून काळं पडलं होतं. फळीवर आम्ही काकांना दिलेल्या गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचून ठेवली होती. एकही फोडलेलं नव्हतं.

काका उघड्या अंगाने खाटेवर बसले होते. गळ्याखालची हाडं दिसत होती. मी जवळ बसले तसं ते हळूच म्हणाले, "तिले काही म्हणू नका. ती विसरून राहिली आजकाल. मी सांगतो तिले, पण मग मले बी ध्यानात राहत नाही."

पेशंटला कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

तिथेच मी काकूंची चाचणी घेतली. वार कोणता, महिना कोणता. तीन शब्द सांगायचे, पाच मिनिटांनी परत विचारायचे. काकांनी मागच्या खेपेला दोन सांगितले होते. काकूंना एकही आठवला नाही. "एवढं कोण लक्षात ठेवतं?" म्हणून त्या हसल्या.

संध्याकाळी नागपूरला त्यांच्या मुलीला, वर्षाला, फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मी रोज फोन करत होते, मॅडम. आई म्हणायची, सगळं छान आहे. मला तर फोनवर नुसता आवाज ऐकू येतो. तुम्ही तिला समोर बसवून विचारत होता नं?"

"हो," मी म्हटलं.

पेपरमध्ये दुरुस्ती छापायची आहे, असं मी विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"एक केस है. नतीजा थोड़े ही बदलेगा."

"मिसाल उन्हीं की है, सर."

"अगली ग्रांट के वक्त यही निकालेंगे. सोच लो."

मी दुरुस्ती पाठवली. पुढच्या एका अंकात, शेवटच्या पानावर चार ओळी आल्या. त्याबद्दल मला कोणी काही विचारलं नाही. पेपर छापला तेव्हा अभिनंदनाचे फोन आले होते.

वर्षाने दोघांनाही नागपूरला नेलं. काकांच्या अंगात काही उरलं नव्हतं. छातीत कफ झाला आणि दीड महिन्यात ते गेले. वेळेवर जेवण आणि गोळ्या मिळाल्या असत्या तर किती जगले असते, हे मी सांगू शकत नाही. वर्षानेही विचारलं नाही. तिने फक्त काकूंच्या उत्तरांचे जुने फॉर्म मागवले, आईचं कधीपासून बिघडलं ते तिथल्या डॉक्टरांना दाखवायला. मी सगळ्यांच्या झेरॉक्स पाठवल्या.

तेव्हापासून आमच्या फॉर्मचं पहिलं पान इन्फॉर्मंटसाठी असतं. पेशंटच्या आधी त्याची चाचणी. दहा मिनिटं जातात, नातेवाईक चिडतात. भनपुरीचा एक ट्रान्सपोर्टवाला आईला घेऊन आला होता. म्हणाला, "बीमार तो माँ है, मेरा टेस्ट काहे?"

नियम आहे, असं मी सांगितलं. तो कुरकुरत बसला. वार बरोबर सांगितला, तिन्ही शब्द सांगितले. मग मी पान उलटलं आणि त्याच्या आईबद्दल विचारायला सुरुवात केली.