कानामात्रांची दुरुस्ती

आमच्या छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांना सगळे 'कानामात्रा' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. एकतीस वर्षं त्यांच्या हातात लाल पेन होतं. "लेखक लिहून मोकळे होतात, निस्तरायचं आपण," असं ते चहा पिताना म्हणत. मी बांधणी विभागात होतो, त्यामुळे त्यांचं हे बोलणं रोज ऐकायचो.

एकदा एका निवृत्त प्राध्यापक बाईंचं पुस्तक आलं. बाईंचं आयुष्य दुर्बिणीपाशी गेलेलं. आता शाळकरी मुलांसाठी विश्वाची गोष्ट त्यांनी सोप्या भाषेत लिहिली होती. शेवटचं मुद्रित यायला आणि त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला एकच गाठ पडली. त्यांनी निरोप पाठवला, "तुम्हीच बघा. तुमच्यावर भरवसा आहे."

सातव्या प्रकरणात कानामात्रा अडखळले. एका पानावर 'कृष्णद्रव्य', दुसऱ्यावर 'कृष्णऊर्जा'. दोन्ही दिसत नाहीत, दोन्ही नेमकी काय आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, असं बाईंनीच लिहिलेलं. कानामात्रांना वाटलं, वस्तू एकच आहे, बाईंचा शब्दांचा घोळ झालाय. फोन करावा, असं एकदा मनात आलं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला कळलं नाही हे कबूल करायचं! त्यांनी प्रकरणभर 'ऊर्जा' खोडून 'द्रव्य' केलं, वाक्यं जुळती केली, आणि कागद टायपिंगच्या ताईंकडे दिले. पुस्तक छापलं, मी बांधलं.

पंधरा दिवसांनी बाई काळा चष्मा लावून मालकांच्या खोलीत येऊन बसल्या. "सातव्या प्रकरणाची वाट कुणी लावली?"

मालकांनी कानामात्रांना आणि ताईंना बोलावलं. मी पुस्तकाच्या प्रती घेऊन दाराशीच उभा होतो. कानामात्रा घसा खाकरून म्हणाले, "दुरुस्त्या ताई चढवतात. टायपिंगमध्ये गफलत झाली असणार."

"मी कागदावर होतं तेच केलं," ताई म्हणाल्या. पण ते कागद केव्हाच रद्दीत गेले होते. मालक ताईंवर असे कडाडले की मलाच खाली बघावंसं वाटलं.

बाईंनी मालकांना थांबवलं. "आधी काय झालंय ते ऐका. दीर्घिकेच्या कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात, की दिसणाऱ्या पदार्थाच्या ओढीवर ते टिकलेच नसते. त्यांना धरून ठेवतं ते कृष्णद्रव्य. ते ओढतं, जागोजागी गोळा होतं. कृष्णऊर्जा गोळा होत नाही, ती सगळीकडे सारखी असते. विश्वाचं पसरणं मंदावायला हवं होतं, ते तिच्यामुळे वेग घेतंय. एक बांधतं, दुसरी पांगवते. 'कृष्ण' हे आपल्या अज्ञानाचं नाव आहे. आडनाव एक असलं म्हणून माणसं भाऊ होत नाहीत!"

मग त्यांनी पान कानामात्रांपुढे धरलं. "वाचा."

"कृष्णद्रव्य विश्वाचं प्रसरण वेगवान करतं."

"मी 'करते' लिहिलं होतं. शब्द बदलला, तसं क्रियापदही बदललंय. प्रत्येक ठिकाणी. टायपिंगच्या चुकीला लिंग-वचनाची एवढी जाण नसते हो."

मालकांना त्यातलं काही कळलं नाही. कानामात्रांना सगळं कळलं. त्यांचे कान लाल झाले, पण त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. ताईंनी आपली पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत.

पुढचं कानामात्रांनी मला नंतर सांगितलं. दोन दिवस आरशात बघून दाढी करायचीही लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी मालकांपुढे कबुली दिली आणि तसेच ताईंच्या घरी गेले. ताई दारातच उभ्या राहिल्या. आत त्यांच्या सासूबाई मटार सोलत होत्या.

"ताई, चूक माझी होती. मालकांना सांगून आलोय."

"चूक तुमची होती हे मला ठाऊकच होतं. तुमचं अक्षर मीच वाचलंय." ताईंचा आवाज चढला नव्हता. "माझं नाव घेतलंत चारचौघांत. आणि कबुली दार लावून?"

शनिवारी बाईंना आणि ताईंना बोलावून, यंत्रं बंद करवून कानामात्रा सगळ्यांसमोर उभे राहिले. "मला फरक कळला नव्हता. विचारायची लाज वाटली, म्हणून मी चूक केली. आणि ती ताईंवर ढकलली." एवढंच बोलले.

सातव्या प्रकरणाचा सोळा पानांचा फर्मा पुन्हा छापला. बहुतेक प्रती गोदामातच होत्या. मी शिलाया उसवून जुनी सोळा पानं काढत होतो, नवी घालत होतो. कानामात्रा न बोलावता शेजारी येऊन बसले आणि पानं जुळवून देऊ लागले. नव्या मुद्रिताच्या वेळी त्यांनी बाईंना अकरा प्रश्न विचारले. बाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं आणि विचारलं, "आणखी?"

ताई कामावर परत आल्या. दुरुस्त्या चढवून झाल्या की प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून आपल्या कपाटात ठेवू लागल्या. कपाटाला कुलूप असे. कानामात्रा समोरच बसत. किल्ली फिरली की ते मान खाली घालत. त्यांच्या निवृत्तीच्या दिवसापर्यंत ताईंनी ती सवय सोडली नाही, आणि सोडा म्हणायचा धीर कानामात्रांना झाला नाही.