आईचा चेहरा धाकटीला

जानेवारीतला दुसरा रविवार. दुपारी मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. नवऱ्याच्या भाजीसाठी. दुसऱ्या दिवशी वापीला दुर्बिणीने माझ्या आतड्याची तपासणी होती, त्यामुळे माझ्या वाट्याला पेज आणि गाळलेलं लिंबूपाणी.

समोर धाकटी बहीण कच्चे दाणे तोंडात टाकत होती. तीही इथे डोकमर्डीतच राहते, मागच्या सोसायटीत.

"ताई, उद्या मी येते."

"नको."

"मग कोण? भावोजींची पहिली पाळी आहे. एकटीला आत घेणार नाहीत."

खरं होतं. गुंगीचं औषध देतात, सोबत माणूस लागतं. डिसेंबरची तारीख मी सोबत कुणी नाही या सबबीवरच घालवली होती. मोकळी फक्त तीच होती, आणि मला तीच नको होती.

आमची आई आतड्याच्या कर्करोगाने गेली. त्याआधी मामा, पन्नाशीही न गाठता. आई आजारी असतानाच तिच्या रक्तात जनुकाचा दोष सापडला होता. तो आम्हा दोघींपैकी कुणात आला का, ते बघायला डॉक्टरांनी आमचं रक्त घेतलं.

घरच्यांनी निकाल आधीच लावून टाकला होता. धाकटी म्हणजे आईची झेरॉक्स. तेच नाक, तीच चाल, रागावल्यावर भांडी आपटायची तीच पद्धत. मी वडिलांवर गेलेली, रुंद हाडाची. म्हणजे दोषही धाकटीकडेच असणार. कोकणातून मावशीचा फोन आला तो तिची चौकशी करायला. मीही तिला भरपूर धीर दिला, वर लाडूही करून दिले.

दोष माझ्यात निघाला. तिच्यात नाही.

"चेहऱ्याचा याच्याशी संबंध नसतो," समुपदेशक बाई म्हणाल्या. "दोघींनाही शक्यता निम्मी-निम्मीच होती." दोष आहे म्हणजे रोग झालाच असं नाही, पण धोका इतरांपेक्षा बराच जास्त. म्हणून नेमाने तपासायचं, गाठी लहान असतानाच काढून टाकायच्या. इथवर मला सगळं पटलं. मग त्या धाकटीला म्हणाल्या, तुमच्या मुलांना तपासायची गरज नाही; जे तुमच्यातच नाही ते त्यांच्यात तुमच्याकडून कसं जाणार? माझी मुलगी पुण्यात शिकते. तिला तपासावं लागेल.

तेव्हापासून धाकटीचं काही बघवेना. मुलांना घेऊन वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेली, तेही मला खुपलं. तिचं पोट दुखलं की ती ओवा चावते आणि झोपते. माझं दुखलं की मला मामाचे शेवटचे दिवस दिसतात.

"रागावलीयेस ना माझ्यावर?" तिने विचारलं.

"राग नाही. जळते मी तुझ्यावर."

आणखी एक शेंग उचलून ती म्हणाली, "जळ की. लहानपणी आईचं सगळं हिलाच मिळतं म्हणून भोकाड पसरायचीस. घे, मिळालं तुला."

"चालती हो."

"होते. सकाळी सहाला गाडी घेऊन येते. आणि ते औषधाचं पाणी सगळं पी. पोट साफ झालं नाही तर परत तारीख घ्यावी लागेल, आणि परत मलाच यावं लागेल."

ती गेली. मी दार जरा जोरातच लावलं. दाणे डब्यात भरले, टरफलं उचलली. तारीख पुन्हा पुढे ढकलायला मला हात लावायचा होता तो फक्त फोनला. पण आत गाठ असलीच, तर ती काही माझा मत्सर संपायची वाट बघणार नव्हती. संध्याकाळी औषधाची पावडर पाण्यात कालवली. खारट, गुळचट, किळसवाणी. नाक दाबून प्यायले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून उरलेलं औषध संपवलं. सहाला हॉर्न वाजला तशी खाली गेले. वापीपर्यंत मी मागच्या सीटवरच बसले. हॉस्पिटलमध्ये बांगड्या, मंगळसूत्र आणि चष्मा काढून धाकटीच्या ओंजळीत ठेवला आणि आत जाऊन डाव्या कुशीवर झोपले.